सूत्रात न लिहिलेला काळ

एक तांबे, दोन युरेनिल, दोन फॉस्फेट, बारा पाणी.

टॉर्बर्नाईट नावाच्या खनिजाची संहिता एवढीच आहे. खनिजशास्त्राच्या पुस्तकात ती एका ओळीत मावते आणि डोळा तिच्यावरून सहज पुढे सरकतो. पण ही ओळ शब्दागणिक थांबून वाचण्याच्या योग्यतेची आहे. तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला आपली जागा आहे, आपला रंग आहे, आणि एक शब्दही बदलला की सगळा अर्थ बदलतो. शिवाय चांगल्या कवितेप्रमाणे तिचा गाभा तिने न उच्चारलेल्या गोष्टीत आहे. तिथवर पोचायचे तर वाच्यार्थापासूनच सुरुवात करावी लागेल.

आधी नुसते पाहू. करड्या, गंजट खडकाच्या फटीत पातळ चौकोनी चकत्या उभ्या-आडव्या रोवल्यासारख्या बसलेल्या असतात. रंग हिरवा, कुठे पोपटी, कुठे पावसात भिजलेल्या केळीच्या पानासारखा गडद, तर एखादा नितळ स्फटिक थेट पाचूची आठवण करून देणारा. चकतीच्या सपाट पृष्ठावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया झाक असते. दिसायला टणक, पण नखानेही ओरखडा उमटेल इतका हा दगड मऊ. आणि आकाराच्या मानाने जड. पाण्याच्या तीनपटीहून अधिक. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या गनिस्लेकच्या जुन्या खाणीतले, किंवा काँगोतल्या कटांगा भागात मुसोनोईचे नमुने पाहिले, की माणसाने पैलू पाडल्याशिवाय निसर्ग इतका रेखीव चौकोन काढतो यावर क्षणभर विश्वास बसत नाही. आपल्याकडेही झारखंडातल्या सिंहभूमच्या तांबे-युरेनियमच्या पट्ट्यात हे खनिज सापडते.

अठराव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी त्याला हिरवा अभ्रक म्हटले. अभ्रकासारखेच त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ही समजूत स्वाभाविक होती. जर्मन भाषेत पुढे ‘युरानग्लिमर’, म्हणजे युरेनियमचा अभ्रक, असे नाव रूढ झाले. खनिजांना शिस्त लावणाऱ्या आब्राहाम वेर्नर यांनी स्वीडनचे रसायनज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्या स्मरणार्थ त्याचे नामकरण केले. त्याचे आणखी एक नाव होते चाल्कोलाईट. ग्रीक भाषेतल्या तांब्याच्या शब्दावरून आलेले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण या खनिजाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग याच नावाने घडला.

आता शब्द घेऊ. ओळीतला सर्वांत वजनदार शब्द ‘युरेनिल’. खनिजाच्या वजनाचा जवळजवळ 47 टक्के भाग एकट्या युरेनियमचा आहे. मार्टिन क्लाप्रोथ यांनी 1789 साली पिचब्लेंड या काळ्या धातुपाषाणातून हे मूलद्रव्य ओळखले आणि आठच वर्षांपूर्वी दिसलेल्या युरेनस ग्रहाचे नाव त्याला दिले. पण टॉर्बर्नाईटमध्ये युरेनियम एकटे वावरत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी सरळ रेषेत, दोन ऑक्सिजन घट्ट धरलेले असतात. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. मधे युरेनियम, दोन टोकांना दोन ऑक्सिजन. ही कावड सहसा वाकत नाही, सहसा सुटत नाही. इतर कोणाला युरेनियमशी नाते जोडायचे असेल, तर त्याच्या कमरेभोवतीच्या मोकळ्या जागेतच हात धरावा लागतो. युरेनियमच्या असंख्य दुय्यम खनिजांचे घाट या एका सक्तीतून निघाले आहेत, आणि त्यांच्यातला हळदीपासून लिंबापर्यंतचा पिवळा रंगही याच कावडीचा आहे.

कमरेभोवती हात धरायला येते फॉस्फेट. मधे फॉस्फरस, भोवती चार ऑक्सिजन. प्रत्येक युरेनिलभोवती चार फॉस्फेट आणि प्रत्येक फॉस्फेटच्या चार टोकांना चार युरेनिल, असा हिशेब बरोबर जुळतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी ही मांडणी चारी दिशांना पसरत जाते आणि एक अखंड, किंचित लहरता थर तयार होतो. डोळ्यांना दिसणारी चकती चौकोनी का, याचे उत्तर इथे मिळते. अणूंच्या पातळीवर जो चौकोन आहे, तोच कोट्यवधी वेळा गिरवला जाऊन आपल्या नजरेच्या टप्प्यात येतो. लयबद्ध रचनेत छोट्या गणाची लय संपूर्ण कवितेच्या घाटात उतरते, तशीच ही गोष्ट आहे.

थर तयार झाले, पण ते एकमेकांवर टिकणार कशाने? प्रत्येक थरावर ऋणभार शिल्लक असतो. तो फेडायला दोन थरांच्या मधे येऊन बसते तांबे. मला हा या ओळीतला सर्वांत बोलका शब्द वाटतो. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, हे आपल्या घराघरांतल्या जुन्या बायकांना पक्के ठाऊक होते. भांड्याच्या काठाला धरणारा तो हिरवट कळंक म्हणजे हवा, ओल आणि आंबटपणा यांच्या संगतीत विरघळू लागलेले तांबे. टॉर्बर्नाईटच्या हिरव्या रंगामागे हेच तांबे आहे. युरेनिलच्या पिवळ्यावर तांब्याची छटा चढते आणि लिंबाचा रंग पानाचा होतो.

तांबे आणखी एक काम करते, आणि ते कळण्यासाठी टॉर्बर्नाईटच्या भावंडाकडे पाहावे लागते. तांब्याच्या जागी कॅल्शियम घातले की ओळ होते ऑट्युनाईट. फ्रान्समधल्या ओटुन या गावाजवळ ते सापडले म्हणून हे नाव. थर तेच, फॉस्फेट तेच, युरेनिल तेच. पण अंधारात अतिनील दिवा धरला, की ऑट्युनाईट पिवळ्या-हिरव्या झगझगीत प्रकाशाने पेटून उठते. टॉर्बर्नाईट मात्र त्याच दिव्याखाली गप्प राहते. युरेनिलने शोषलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच तांबे ती स्वतःकडे ओढून घेते आणि उष्णतेत मुरवून टाकते. एका शब्दाच्या बदलाने पूर्ण ओळीचा स्वर बदलावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकातही क्वचित सापडेल. भाऊ बोलका, हा अबोल. या अबोल खनिजाने पुढे काय सांगितले ते पाहिले, की त्याचे मौनही अर्थपूर्ण वाटू लागते.

शेवटचा शब्द पाणी. तेही एकदोन नाही, बारा. वजनाचा पाचवा हिस्सा पाण्याचा आहे. म्हणजे हा दगड आपल्या पाचव्या अंशाने ओला आहे. त्यातले चार रेणू तांब्याभोवती चौकोन करून बसतात आणि उरलेले थरांमधल्या पोकळीत एकमेकांचे हात हलकेच धरून राहतात. दोन थरांना जोडणारा सांधा हा असा पाण्याचा आहे, म्हणूनच चिरोट्याच्या पदरांसारखे या खनिजाचे पापुद्रे सुटतात. आणि म्हणूनच ते नाजूक आहे. कोरड्या हवेत, थोड्याशा उबेत, चार पाणी निघून जातात. थर खाली बसतात, स्फटिकाचे तेज मंदावते, अंगावर भेगा पडतात. आता त्याचे नाव मेटाटॉर्बर्नाईट. बाहेरचा चौकोन तोच, पण आतली मांडणी दुसरी. एकदा गेलेले ते पाणी सहसा परत येत नाही. संग्रहालयांत टॉर्बर्नाईट म्हणून ठेवलेले कितीतरी नमुने आता प्रत्यक्षात मेटाटॉर्बर्नाईट झालेले आहेत. आपण पाहत असतो ते त्याचे रूप. त्याचे पाणी केव्हाच गेलेले असते. मराठीत माणसाच्या सत्त्वाला, मोत्याच्या तेजाला आणि तलवारीच्या धारेलाही आपण ‘पाणी’ म्हणतो. या खनिजाच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे.

शब्द झाले, आता ओळ जुळली कशी ते पाहू. खोल भूगर्भात, तापलेल्या द्रवांतून, ऑक्सिजनचा स्पर्श नसलेल्या जागी जे युरेनियम साकळते ते काळे असते. युरेनिनाईट, किंवा त्याचेच पिचब्लेंड हे रूप. तिथे युरेनियम पाण्यात जवळपास विरघळतच नाही. जिथे आहे तिथे कोट्यवधी वर्षे पडून राहते. पुढे वरचे डोंगर झिजतात, तो काळा खडक पृष्ठभागाजवळ येतो आणि भेगांतून पावसाचे पाणी झिरपू लागते. त्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन असतो. युरेनियम आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावते, कावड खांद्यावर घेते, म्हणजे युरेनिल होते, आणि जे जागचे हलत नव्हते ते एकाएकी प्रवासाला निघते. शेजारीच चाल्कोपायराईटसारखे तांब्याचे धातुपाषाण कुजत असतात. ते पाण्याला तांबे आणि आंबटपणा दोन्ही देतात. अपेटाईट या साध्यासुध्या खनिजातून फॉस्फेट येते. आपल्या हाडांचे आणि दातांचेही तेच कूळ. या तिघांची गाठ एखाद्या फटीत पडली, की युरेनियमचा प्रवास थांबतो. युरेनिल फॉस्फेटे पाण्यात फारच कमी विरघळतात. हा गुण इतका भरवशाचा आहे, की अमेरिकेतल्या हॅनफर्ड येथे भूजलातले युरेनियम अडवण्यासाठी जमिनीत पॉलिफॉस्फेट सोडून ऑट्युनाईट घडवण्याचे प्रयोग झाले आहेत.

अशा खनिजांना शास्त्रात दुय्यम म्हणतात. हा शब्द मराठी कानाला थोडा खटकतो, कारण आपण तो कमी दर्जाच्या अर्थाने वापरतो. इथे त्याचा अर्थ आहे दुसऱ्या खेपेला जन्मलेले. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. क्रमाने ती दुसरी, पण तिला कोणी कमअस्सल म्हणत नाही. मूळ खडक काळा, बंद, अपारदर्शक. पावसाने, हवेने आणि शेजाऱ्यांनी त्यावर केलेले हे हिरवे भाष्य पारदर्शक आहे.

या दुसऱ्या जन्मात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती ओळीत कुठेच लिहिलेली नाही. युरेनियम सतत झिजत असते आणि त्यातून थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशा पिढ्या निपजत असतात. जुन्या काळ्या खडकात हा सगळा गोतावळा एकत्र नांदत असतो. पण पाणी जेव्हा युरेनियमला उचलते, तेव्हा थोरियमला उचलत नाही. ते विरघळत नाही, मागेच राहते. रेडियमचा जन्म थोरियममधून होतो, म्हणजे पुढच्या वंशाची मुळेच तुटतात. नव्या फटीत टॉर्बर्नाईटचा पहिला चौकोन जुळतो तेव्हा त्याचे युरेनियम जवळजवळ एकटे असते. त्या दिवशी त्याचे घड्याळ शून्यावर येऊन नव्याने चालू लागते.

आता 1898 सालच्या पॅरिसमध्ये येऊ. भौतिकी आणि औद्योगिक रसायनाच्या म्युनिसिपल शाळेतल्या साध्या जागेत मेरी क्युरी एकामागून एक खनिजे आणि संयुगे तपासत होत्या. युरेनियमचे किरण हवेला विद्युतवाहक करतात. तो अतिसूक्ष्म प्रवाह मोजायला त्यांचे पती पिएर आणि पिएर यांचे बंधू जाक यांनी शोधलेल्या दाबविद्युत क्वार्ट्झचे उपकरण त्यांच्या हाताशी होते. त्यांना एक सरळ नियम दिसत होता. किरणांचा जोर युरेनियम किती आहे यावर ठरतो. ते कोणाच्या सोबतीला आहे, ओले आहे की कोरडे, याने फरक पडत नाही. म्हणजे शुद्ध युरेनियम धातूपेक्षा कोणतेही खनिज जास्त सक्रिय असू नये. धातूचा आकडा 23–24 च्या आसपास येत होता. पिचब्लेंडच्या एका नमुन्याने 83 दाखवला. आणि ज्याच्यात निम्म्याहूनही कमी युरेनियम आहे त्या चाल्कोलाईटने, म्हणजे आपल्या टॉर्बर्नाईटने, 52.

पिचब्लेंड हे नाना भेसळींचे गाठोडे असते. त्याचा आकडा फुगला तर शंका कुठेही वळवता येते. पण चाल्कोलाईटची रचना माहीत होती. ती प्रयोगशाळेत घडवताही येत होती. मेरी क्युरींनी तेच केले. रसायनज्ञ आंरी दब्रे यांची कृती घेतली. युरेनिल नायट्रेटचे द्रावण आणि फॉस्फरिक आम्लात विरघळवलेले कॉपर फॉस्फेट एकत्र करून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवले. काही वेळाने द्रावणात हिरवे स्फटिक दिसू लागले. एक तांबे, दोन युरेनिल, दोन फॉस्फेट आणि पाणी. खाणीतल्या दगडाची अक्षरशः नक्कल. ती मोजली. धातूच्या अडीच पट कमी. तिच्यातल्या युरेनियमच्या हिशेबाने जितकी सक्रियता असायला हवी, तितकीच.

मला हा विज्ञानाच्या इतिहासातला एक फार सुंदर वाचनानुभव वाटतो. एकाच संहितेच्या दोन प्रती समोर ठेवल्या आहेत. काना-मात्रेचा फरक नाही. तरी एक प्रत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त बोलते. असे असेल, तर ते जास्तीचे बोलणे अक्षरांत असणार नाही. ते अक्षरांच्या आड असले पाहिजे. आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा ध्वनीत, म्हणजे सूचित अर्थात सांगितला. मेरी क्युरींनी अत्यंत काटेकोर मोजमापाने एका खनिजाचा ध्वनी ऐकला. 12 एप्रिल 1898 रोजी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे वाचल्या गेलेल्या टिपणात त्यांनी तो अनुमान म्हणून मांडला: या खनिजांत युरेनियमहून फार अधिक सक्रिय असे काही मूलद्रव्य असावे. त्याच वर्षी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम जाहीर झाले. ती मूलद्रव्ये पिचब्लेंडमधून वेगळी काढली गेली, म्हणून इतिहासात पिचब्लेंडचे नाव मोठे झाले. पण शंकेला निश्चित रूप दिले ते या हिरव्या, चौकोनी, अबोल खनिजाने.

त्या 52 मध्ये काय होते, हे आज आपल्याला माहीत आहे. युरेनियम-238 चे अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षांचे. त्याच्यापासून स्थिर शिशापर्यंतच्या मुख्य वाटेवर आठ अल्फा कण बाहेर पडतात. शुद्ध केलेल्या युरेनियममधून त्यातले दोनच ऐकू येतात, उरलेले सहा पुढच्या पिढ्यांचे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे, त्याच्या पोटी येणाऱ्या रेडॉन वायूचे जेमतेम 3.8 दिवसांचे, आणि त्याआधीच्या थोरियम-230 चे सुमारे 75 हजार वर्षांचे. हे थोरियम पुरेसे साठेपर्यंत रेडियमला थांबावे लागते. म्हणून शून्यावरून निघालेल्या टॉर्बर्नाईटमध्ये सगळा वंश भरभरून नांदायला काही लाख वर्षे जावी लागतात. मेरी क्युरींसोबत काम केलेल्या एलेन ग्लेडिट्श यांनी पुढे वेगवेगळ्या खनिजांत युरेनियमच्या तुलनेत रेडियम किती आहे ते काळजीपूर्वक मोजले, तेव्हा ऑट्युनाईटमध्ये ते पिचब्लेंडपेक्षा कमी भरले. दुय्यम खनिजे तरुण असतात, आणि पाण्याच्या वाटेवर असल्याने मिळवलेले गमावतातही. म्हणजे हा आकडा वयाचाही आहे आणि सोसल्याचाही.

या वंशातला रेडॉन वायू असल्यामुळे तो पापुद्र्यांमधून निसटून बाहेर येतो. म्हणून टॉर्बर्नाईटचा नमुना बंद कपाटात कोंडून ठेवत नाहीत, हवा खेळती ठेवतात. त्याची धूळ श्वासात जाऊ देत नाहीत, हाताळल्यावर हात धुतात. रसिकतेला ही खबरदारी जोडूनच घ्यावी लागते. या दगडाचे सौंदर्य आणि त्याचा धोका ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, आणि त्यातले एक नाकारून दुसऱ्याचा आस्वाद घेता येत नाही.

आता पुन्हा ती ओळ वाचू. एक तांबे, दोन युरेनिल, दोन फॉस्फेट, बारा पाणी. पाणी कुठून आले, तांबे कसे कळकले, कावड कोणी उचलली, हे सगळे आता तिच्यात ऐकू येते. फक्त एक गोष्ट ओळीत बसतच नाही, ती म्हणजे वेळ. किती पावसाळे या फटीवरून गेले, याची खूण सूत्रात करता येत नाही. ती फक्त किरणांत उमटते.

पॅरिसमधल्या त्या भांड्यात उगवलेल्या स्फटिकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना कृत्रिम म्हटले गेले, आणि नैसर्गिकाशी तुलना करताना ते कमी भरले. पण खाणीतले टॉर्बर्नाईटही आपल्या पहिल्या दिवशी नेमके तसेच होते: थोरियम मागे टाकून आलेले, एकटे, दोनच सुरांत बोलणारे. भांड्यातल्या स्फटिकांत काहीही उणे नव्हते. ते नकली नव्हते, तान्हे होते. त्यांचे युरेनियम जिथे कुठे असेल तिथे त्याचे घड्याळ तेव्हापासून चालूच आहे. सव्वाशे वर्षांत त्यात साठलेले रेडियम मोजायला गेलो तर नगण्य भरेल. पण पहिला अणू केव्हाच जन्मला आहे, आणि उरलेल्या काही लाख वर्षांना कसलीही घाई नाही.